रहाटावरची जागा

ज्या डोलातून गाळ वर येतो, त्याच डोलात बसून त्या सकाळी पाताळ्या वर आला.

बसून म्हणायचं ते आपलं त्याची लाज राखायला. खरं तर तळाशी धाप लागून तो कोसळला होता आणि त्याला डोलात कोंबला होता. गुडघे पोटाशी, मान एका खांद्यावर पडलेली, केसांत चिखल. रहाटाच्या एका मुठीला त्याची बायको होती, दुसऱ्या मुठीला पोटुशी लेक. खालून जावयाने दोराला हिसका दिला तेव्हा दोघींना वाटलं, दगडांनी भरलेला डोल येतोय. दोघींनी दात आवळून ओढला. डोल काठाशी आला तेव्हा त्यातून पाय लोंबताना दिसले.

"अगं बाई, हे तर बाबा!" लेक म्हणाली.

मळ्याची मालकीण बांधावर उभी होती आणि तिच्यामागे तिचा गडी. गडी तोंडाळ होता. "पाणी काढायला गेलास आणि स्वतःच निघालास की रे, पाताळ्या!" असं म्हणून तो इतका हसला, की मालकिणीलाही पदर तोंडाला लावावा लागला.

अशा वेळी माणसाला वाटतं, धरणीने पोटात घ्यावं. पण पाताळ्या उभा जन्म धरणीच्या पोटातच वावरलेला, आणि आज तिनेच त्याला बाहेर टाकलं होतं. बायकोने बगलेत हात घालून त्याला उतरवलं, झाडाखाली नेऊन बसवलं आणि तोंडावर पाणी मारलं. तेवढ्यात लेकीने कमरेवर हात ठेवला आणि ती मटकन खाली बसली. बापाचं वजन गाळापेक्षा जास्त भरलं होतं.

"पुरे आता," आई लेकीला म्हणाली. "उद्यापासून तू रहाटाला हात लावायचा नाही."

पाताळ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. मिसरूड फुटल्यापासून तो विहिरी खणत होता. या धंद्यातली मानाची उतरंड उलटी असते. जो सगळ्यात खाली, तो सगळ्यात मोठा. तळाशी पहार मारणारा तो खरा विहीरवाला. त्याच्या मागे डोल भरणारा, तो निम्मा. आणि वर रहाट ओढतात ती बाया-माणसं, म्हातारेकोतारे, ज्यांना दुसरं काही जमत नाही ते. पाताळ्या हे असंच्या असं बोलून दाखवायचा, आणि तेही रहाट ओढणाऱ्या बायकोसमोर.

आजूबाजूला विहिरीत माणसं दगावली होती. कुणाच्या डोक्यात दगड पडला, कुणाचा दोर सुटला. पाताळ्याच्या विहिरीत कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लोक म्हणत, नशीबवान आहे. तो म्हणायचा, नशीब कसलं, अक्कल लागते. आणि ही अक्कल कुणाची, हे सांगायची त्याला गरज वाटत नसे.

त्याची एक ठरलेली गंमत होती. चार माणसं जमली की तो बायकोकडे बोट करून सांगायचा, "मी तिकडे पाताळात मरतोय आणि ही वर ढग मोजत बसलेली! इतकी वर्षं रहाटावर आहे, पण एकदा वाकून बघेल तर शपथ!" लोक हसायचे. ती पण हसायची. कधी विहिरीला पाणी लागलं, की शेजारणी तिला विचारायच्या, कसं आहे गं पाणी? त्यावर ती म्हणायची, "मला काय ठाऊक? मी कुठं बघितलं?" हे ऐकलं की पाताळ्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपण एवढे नावाजलेले, आणि बायकोला आपल्या पाण्याचं एवढंही कौतुक नाही!

त्याच दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरने छातीला नळी लावली, गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं की दगडाची धूळ आत बसली आहे, आता खाली उतरायचं नाही.

"म्हणजे किती दिवस?" पाताळ्याने विचारलं.

"दिवस नाही हो. उतरायचंच नाही."

त्याने बायकोकडे पाहिलं, जणू हे तिनेच डॉक्टरला पढवलं होतं.

पण काम तर उभंच होतं. उन्हाळा असा तापला होता, की मळ्यातली वांगी झाडावरच सुरकुतली होती. मालकिणीची जुनी विहीर आटली होती, तिचा तळ आणखी खाली न्यायचा होता. मशीनवाल्याची गाडी मळ्याच्या अरुंद वाटेने येईना, म्हणून तर हे काम पाताळ्याच्या वाट्याला आलं होतं. "तुला झेपत नसेल तर सांग, वाट रुंद करून घेते," असं मालकिणीने सांगून टाकलं होतं. या हंगामात दुसरं काम कुठं दिसत नव्हतं. जावई खाली उतरणार, बायको एका मुठीला. दुसऱ्या मुठीला कोण?

"मी आहे ना," पाताळ्या म्हणाला. म्हणाला खरा, पण बायकोकडे न बघता.

जावई घरजावई होता, हेही इथेच सांगून टाकतो. आगापिछा नसलेला, अबोल, हाडाने दणकट. पाताळ्यानेच त्याला हाताखाली घेतला, शिकवला आणि मग लेक दिली. तेव्हापासून तो त्याला सगळ्यांदेखत "बापू" म्हणायचा, आणि त्या बापूत आदर कमी आणि चिमटा जास्त असायचा. जावई आपला "हो मामा" म्हणून पाटी उचलायचा.

दुसऱ्या दिवशी त्या बापूने डोलात एक पाय ठेवला, दोर धरला, आणि पाताळ्याने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला खाली सोडलं. जावयाचं डोकं काठाखाली गेलं तेव्हा त्याला ते बघवेना. काळजी नव्हती ती. मत्सर होता, आणि तो त्याचा त्यालाच कळला म्हणून आणखी लाज वाटली.

काम सुरू झालं. भरलेला डोल ओढायचा, खुंटी लावून रहाट अडवायचा, डोल काठावर घेऊन उपडा करायचा, खुंटी काढायची, रिकामा डोल खाली सोडायचा. पाताळ्याला वाटलं, यात काय आहे! त्याने रिकामा डोल भरभर सोडला. रहाट गरगरला, त्याची मूठ बायकोच्या हातातून निसटली आणि खालून ठाणकन आवाज आला. पाठोपाठ जावयाची हाक आली.

"अहो मामा! मी आहे इथं!"

"लागलं का?" बायको ओरडली.

"नाही. बाजूला पडला."

बायकोने रहाट थांबवला. "चिंधी दिसली की हळू करायचं," ती म्हणाली.

"कसली चिंधी?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग दोरावर बांधलेली लाल चिंधी दोन बोटांत धरून दाखवली. ती चिंधी त्याने इतकी वर्षं रोज पाहिली होती. त्याला वाटायचं, दोर तिथं उसवला असेल, म्हणून बांधली असेल.

"ही रहाटावरून सुटली की समजायचं, डोल खालच्या माणसाच्या डोक्यावर आलाय. तिथून पुढे हातानं झेलत सोडायचा. विहीर खोल गेली की चिंधी सरकवायची."

पाताळ्याने चिंधी चाचपून पाहिली. खाली असताना डोल नेहमी डोक्यावर आला की हळू व्हायचा. अलगद खांद्याशी यायचा, आज्ञाधारक असल्यासारखा. त्याला वाटायचं, डोल तसेच असतात. खोल गेले की त्यांचा जोर आपोआप ओसरतो. याच्यामागे कुणाचा तरी हात असेल, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"एवढ्यासाठी चिंधी लागते होय?" तो गुरगुरला. "हाताला कळत नाही?"

असं बोलायचं नव्हतं त्याला. पण तोंडाला तीच सवय होती.

दुपारपर्यंत त्याचे तळहात सोलून निघाले. पहारेचे घट्टे वेगळे आणि रहाटाचे वेगळे, हेही त्याला आज समजलं. बायकोच्या हातांकडे त्याचं लक्ष गेलं. बोटांच्या मुळाशी कातडी खुरासारखी झाली होती. मालकिणीचा गडी अधूनमधून येऊन टोमणा मारून जायचा. "काय पाताळ्या, बायकांत बसायला लागलास?" पाताळ्या मान वर करायचा नाही. एकदा तर त्याने डोक्यावरचं फडकं पुढे ओढून घेतलं, जणू कुणी ओळखणार नाही. सगळा गाव त्याला पाठमोरा ओळखायचा.

आणि तिसऱ्या प्रहरी ते झालं.

खालून पहारेचा आवाज येत होता. एकसारखा, भरीव. मध्येच एक घाव वेगळा वाजला. पाताळ्याचे कान टवकारले. पुन्हा दोन भरीव, पुन्हा एक पोकळ. या आवाजासाठीच तर तो जन्माला आला होता! उगवतीच्या अंगाला खडक फुटका आहे, त्याच्यामागे पाणी आहे, हे त्याला भाकरीच्या चवीसारखं कळलं. आणि जावई मात्र पुन्हा मावळतीकडे घाव घालायला लागला.

भरलेला डोल निम्म्यावर आला होता. पाताळ्याने मूठ सोडली आणि तो काठाकडे धावला.

"अहो!" बायको किंचाळली.

त्याला ऐकूच आलं नाही. तो काठावर वाकला आणि ओरडला, "अरे उगवतीला मार! बापू! उगवतीला! तिकडे काय डोकं—"

काठाला कठडा नव्हता. नुसता सुकलेला मुरूम, आणि त्यात अडकलेले दगड. त्याच्या पायाखालचा एक दगड सरकला. त्याने तो जाताना पाहिला. दगड भिंतीला आपटला, वळला आणि अंधारात गेला. मग खालून माणसाचा आवाज आला, शब्द नसलेला.

तो मागे वळला. बायको रहाटाच्या मुठीवर पोट टाकून लोंबत होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. एकटीने तिने तो भरलेला डोल निम्म्यावर पेलून धरला होता. तो सुटला असता, तर खाली जावई उरलाच नसता.

"खुंटी," ती दातांतून म्हणाली. "खुंटी लावा."

त्याने खुंटी लावली. दोनदा ती भोकाबाहेरच घसरली होती.

जावई वर आला तेव्हा त्याचा डावा खांदा उतरल्यासारखा दिसत होता आणि कानामागून रक्त येत होतं. तो डोलातून उतरला आणि झाडाखाली लेक होती तिच्याशेजारी जाऊन बसला. लेकीने आपल्या पदराने त्याचं रक्त पुसलं. पाताळ्या पुढे झाला, तशी ती म्हणाली, "बाबा, लांब राहा."

"मी सांगायला गेलो होतो, उगवतीला..."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" तिचा आवाज फाटला. "तुम्हाला सांगायचंच असतं नेहमी! तुमचं पाणी, तुमची विहीर, तुमचं नाव! माझा माणूस आहे तो खाली. माझ्या पोरानं बाप कुठं शोधायचा, त्या गाळात?"

मालकीण आली होती, गडीही होता. आज गडी काही बोलला नाही. पाताळ्याला वाटलं, हसला असता तर बरं झालं असतं.

जावयाचं हाड मोडलं नव्हतं, नशीब. डॉक्टरने पट्टी बांधली. बायकोची मात्र मनगटं सुजली, आणि एका तळहाताची साल निघाली. दिवेलागणीला घरात चौघं बसले होते आणि भांड्यांचाच काय तो आवाज होता. लेकीने नवऱ्याला वाढलं, आईला भरवलं. बापाचं ताट तिने त्याच्यासमोर ठेवलं ते त्याच्याकडे न बघता. जेवण झाल्यावर जावई आणि लेक अंगणात गेले. पाताळ्या बायकोच्या हाताला तेल लावायला बसला. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा केलं, आणि त्याला ते नीट येतही नव्हतं.

"जोरात नका चोळू," ती म्हणाली.

"तू कधीच का नाही बघितलंस खाली?" त्याने विचारलं.

"एकदा बघितलं होतं. नवीन होते तेव्हा. तुमचं टाळकं दिसलं, एवढंसं, लिंबाएवढं. तेव्हा पायाखालून थोडी माती गेली. तुम्ही वर बघून शिवी दिलीत, कावळ्याला. तुम्हाला वाटलं, कावळ्यानं टाकली." ती किंचित हसली. "त्यानंतर कित्येक दिवस रहाट धरला की हात लटपटायचा. म्हटलं, बघायचंच नाही. दोर बघायचा आणि चिंधी बघायची. माणूस वर आला, की मग त्याच्याकडे बघायचं."

"मग मला सांगायचं होतंस. मी लोकांत तुझी एवढी टिंगल..."

"तुम्ही हसत होता. वर आलेला माणूस हसतोय, अजून काय पाहिजे?"

पाताळ्याच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. आजवर त्याने स्वतःला पाण्यावर मोजलं होतं. कुठं किती पाणी लागलं, कुणी काय म्हटलं, कुणाच्या मळ्यात अजून त्याचं नाव निघतं. आपल्या विहिरीत कुणी मेलं नाही, हेही त्याने आपल्याच खात्यात घातलं होतं. आणि ते सगळं हिचं होतं. ही बाई रोज त्याला जिवंत वर काढत होती आणि तो वर आल्या आल्या तिच्यावर हसत होता. लाजेने त्याचे कान तापले. माफी मागावी असं त्याला फार वाटलं, पण त्यासाठी लागणारे शब्द त्याच्या तोंडात कधी बसलेच नव्हते. तो पुन्हा तेल चोळायला लागला. हळू.

मधला एक दिवस काम बंद राहिलं. त्यानंतरच्या सकाळी जावई खांदा हलवून बघत म्हणाला, "मी उतरतो. नाहीतर मालकीणबाई वाट रुंद करून घेईल."

"रहाट कोण धरेल?" लेक म्हणाली. "आईचे हात तर असे."

कुणी पाताळ्याकडे पाहिलं नाही. तो दारात उभा होता, हाकललेल्या कुत्र्यासारखा. शेवटी जावईच म्हणाला, "मामा धरतील. दुसऱ्या मुठीला गड्याला मागून घेऊ." मग तो दाराकडे वळला. "मामा, फक्त..."

"नाही बघणार," पाताळ्या म्हणाला.

त्याने तो दिवस काढला. काठापासून दूर पाय रोवून, दोराकडे आणि चिंधीकडे डोळे लावून. बायको बाजूला बसून होती. ती काही सांगत नव्हती, पण चिंधी सुटताना तिची मान हलायची, आणि त्याचा हात त्या मानेवर चालायचा. गडी पलीकडच्या मुठीला होता. त्याने सुरुवातीला एकदोन विनोद केले, मग डोलाच्या वजनाने त्याचेही विनोद आटले. खालून घाव ऐकू येत होते. आता ते उगवतीला पडत होते. पाताळ्याच्या जिभेवर दहादा आलं, जरा खाली मार, जरा तिरकी धर. दहादा त्याने ते गिळलं.

दुपार कलताना घाव थांबले. मग खालून जावयाची आरोळी आली. ती काय आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. मालकीण धावली, तिच्या मागे गडी धावला, मूठ तशीच सोडून. बांधावरची आणखी दोघं-तिघं धावली.

"मागे!" पाताळ्या असा गरजला, की सगळी जागच्या जागी थबकली. "काठाजवळ एकानं जायचं नाही! माणूस आहे खाली!"

"अरे, पाणी लागलं! ये की बघायला!" गडी म्हणाला.

"तू आधी मूठ धर."

दोराला हिसका बसला. त्यांनी जावयाला ओढायला घेतलं. पाताळ्याचा श्वास भात्यासारखा वाजत होता, गुडघे पेटले होते. आधी जावयाचे ओले केस दिसले, मग तोंड, मग पट्टी बांधलेला खांदा. त्याचा पाय जमिनीला टेकला, तेव्हा कुठं पाताळ्याने त्याच्याकडे पाहिलं. पोरगं चिखलाने लडबडलं होतं आणि दात काढून हसत होतं.

मग सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. गडीही गेला. मालकिणीने जावयाच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! कुठल्या अंगाला लागलं?"

"उगवतीला."

"काय कान आहे याचा!" गडी म्हणाला. "सासऱ्याच्या वरताण निघाला!"

पाताळ्याने तोंड उघडलं. ते मी सांगितलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्याला जावयाच्या कानामागची खपली दिसली. ते कसं सांगितलं होतं, हेही मग सांगावं लागलं असतं. त्याने तोंड मिटलं. जावई गर्दीतून त्याच्याकडे बघत होता, काहीतरी बोलणार होता. पाताळ्याने मान हलवली, नको म्हणून.

एकेक जण पोटावर पालथा पडून, जपून, विहिरीत डोकावून आला. लेकही झाडाखालून उठून आली. बापाशी ती काल दिवसभर बोलली नव्हती. ती रहाटापाशी थांबली आणि जराशा अवघडून म्हणाली, "बाबा, कसं आहे पाणी?"

"मला काय ठाऊक?" पाताळ्या म्हणाला. "मी कुठं बघितलं?"

ते शब्द त्याच्या तोंडातून गेले आणि मग त्याला ऐकू आले. त्याने बायकोकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं. लोकांत कितीदा तरी ती हेच म्हणाली होती आणि तो तिच्यावर डोळे वटारून बाजूला झाला होता. आता त्याच्यावर कुणी डोळे वटारले नाहीत, कुणी हसलंही नाही. त्याची मान मात्र खाली गेली ती वर येईना. मूठ त्याने अजून दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

बायको उठली. सुजलेल्या हाताने तिने खुंटी उचलली आणि रहाटाला लावली.

"सोडा आता," ती म्हणाली. "सगळे वर आलेत."